मावशीचं बिल दुप्पट का आलं?

गेल्या आठवड्यात सकाळी इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. दुपारपर्यंत तो सुदामा नगर, लोकमान्य नगर, पुण्याची भाची असा फिरून पुन्हा माझ्याकडेच आला. वर तीन लाल सायरन, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: निगमनं, म्हणजे इथल्या महापालिकेनं, गुपचूप संपत्ती कर (घरपट्टी) दुप्पट केलाय. स्वकष्टाच्या घरावर कर घेणं मुळात घटनेविरुद्ध आहे. साठीपुढच्यांना पूर्ण माफी आहे, पण ती लपवली जाते. इंदूर कचऱ्यातूनच एवढं कमावतं की निगमला आपल्या पैशांची गरजच नाही. तेव्हा कोणीही भरू नका, लोकअदालतीत सगळं माफ होतं. फक्त घराचा वाद चालू असेल तर तेवढं भरा, कारण पावती ज्याच्या नावाची, घर त्याचं. आणि शेवटी अर्थातच, खऱ्या इंदुरी माणसानं हा दहा जणांना पाठवावा.

मी काही निगमचा वकील नाही. बिल पाहिलं की माझ्याही कपाळाला आठ्या पडतात. पण हा मेसेज पाठवणारे बहुतेक जण ओळखीचे आहेत, त्यातले निम्मे पेन्शनर. त्यांनी खरंच भरणं थांबवलं तर भुर्दंड त्यांनाच पडणार, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात आधी "दुप्पट". कारण मेसेजातली हीच एक गोष्ट लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिच्या जोरावर बाकीच्या थापा खपतायत. लोकमान्य नगरात राहणारी माझी मावशी बिल हातात घेऊनच आली. "हे बघ, तू म्हणतोस खोटं, आणि इथे चक्क दुप्पट आलंय." सोबत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात लग्नापासूनच्या पावत्या. आधीच्या वर्षीची पावती काढून नव्या बिलाशेजारी ठेवली आणि बोट ठेवून एकेक रकाना मिळवत गेलो. क्षेत्रफळ तेच. बांधकामाचा प्रकार तोच. वार्षिक भाडेमूल्य तेच. फरक एकाच रकान्यात: स्वतः राहत असल्याची सूट आधीच्या पावतीत होती, या बिलात तिथे शून्य.

आता हिशेब कसा होतो ते पाहू. मध्य प्रदेशात हा कर १९५६च्या नगरपालिक निगम कायद्याखाली लागतो. घराचं वर्षाचं भाडं किती यावं, हे कागदावर ठरवलं जातं. वस्ती कोणत्या झोनात येते, बांधकाम पक्कं की कच्चं, वापर राहण्याचा की दुकानाचा, यावरून चौरस फुटाचा दर ठरतो आणि त्याला क्षेत्रफळानं गुणायचं. हे झालं वार्षिक भाडेमूल्य. त्याच्या ६ ते १० टक्के कर. मालक स्वतः तिथे राहत असेल तर हा कर निम्मा. समजा भाडेमूल्य ४०,००० निघालं आणि दर १० टक्के, तर कर होतो ४,००० आणि स्वतः राहणाऱ्याला २,०००. पण ही निम्मी सूट त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चपर्यंत भरणाऱ्याला. १ एप्रिल उजाडला की त्या वर्षाचे ४,००० बाकी म्हणून डोक्यावर बसतात. दरात एक पैसा न वाढवता बिल दुप्पट.

मावशी फेब्रुवारीअखेरीस नातवाच्या मुंजीला पुण्याला गेली होती. लेक म्हणाली, आता पाडवा करूनच जा. ती परतली तोवर तारीख उलटून गेली होती. तिच्या गल्लीत आणखी दोघांकडे "दुप्पट" आलंय. एकाचं कुलूपबंद घर आहे, मुलगा बंगळुरूला. दुसरा दर वर्षी भरतो, या वर्षी विसरला. तिघांच्याही बिलांचे फोटो त्या मेसेजखाली पुरावा म्हणून चिकटवलेले आहेत.

याच फोटोंखाली कोणी शहाण्यानं सल्ला दिलाय की वरचा मजला भाड्यानं दिला असेल तर दाखवूच नका, पूर्ण घराला सूट मिळते. हा सल्ला मेसेजपेक्षाही महागात पडेल. इथे कर स्वनिर्धारणाचा आहे, म्हणजे विवरण आपण सहीनिशी भरतो. तपासणीत १० टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर फरकाच्या पाचपट दंडाची तरतूद कायद्यातच आहे. सूट फक्त आपण राहतो तेवढ्या भागाला. वरच्या खोलीचं भाडं महिन्याला घेता ना, मग तेवढा भाग लिहून मोकळं व्हा.

मग कर वाढतच नाही का? वाढतो. पण मेसेज म्हणतो तसा रात्रीतून आणि गुपचूप नव्हे. २०२०च्या मे महिन्यात, कोविडच्या काळात, केंद्रानं राज्यांना जादा कर्ज काढायची मुभा दिली आणि त्यातला एक हिस्सा शहरांच्या सुधारणांशी बांधला. अट अशी होती की संपत्ती कराचे किमान दर त्या भागातल्या सरकारी जमीनदरांशी, आपल्याकडच्या भाषेत कलेक्टर गाइडलाइनशी, सुसंगत ठेवायचे. ही अट सर्वांत आधी पुरी करणाऱ्या राज्यांत आंध्र प्रदेशाबरोबर मध्य प्रदेश होता. पुढे पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळातल्या शहरांच्या अनुदानालाही तसंच कुंपण घातलं: किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीनं वाढवत न्या. म्हणजे दोरी गल्लीतल्या नगरसेवकाच्या हातातून बरीचशी भोपाळ-दिल्लीकडे गेली. वाईट वाटून घ्यायचंच असेल तर या गोष्टीचं घ्या, कारण आपण ज्याला निवडून देतो आणि ज्याच्या ओट्यावर जाऊन भांडतो, त्याच्या हातात आता दर कमी करण्याला फारशी जागा उरलेली नाही.

भांडायची जागा मात्र आहे, आणि तिथे आपल्यातलं कोणीच जात नाही. गाइडलाइनचा मसुदा निघतो तेव्हा जिल्हा मूल्यांकन समिती सूचना आणि हरकती मागवते. मोजकेच दिवस असतात. त्या दिवसांत बिल्डर आणि दलाल पोचतात, घरात राहणारा माणूस जात नाही. आपल्या कॉलनीचा दर शेजारच्या रुंद रस्त्यावरच्या दुकानांच्या दराला बांधला गेला असेल तर तक्रार तिथे करायची. बिल आल्यावर ग्रुपवर सायरन वाजवून काही होत नाही.

आणखी एक घोळ: मेसेजात सरसकट "टॅक्स" म्हटलंय. बिलात संपत्ती कराशेजारी समेकित कर (सफाई, दिवाबत्ती वगैरेंचा एकत्रित कर) असतो, शिक्षण उपकर, नगर विकास उपकर असतो. नर्मदेच्या नळाचं आणि कचरागाडीचं वेगळंच. पाण्याची थकबाकी जोडून आलेला आकडा पाहून "घरपट्टी वाढली" म्हणणाऱ्यांनी आधी कोणती ओळ वाढली ते पाहावं.

घटनेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ४९व्या क्रमांकावर जमिनी आणि इमारतींवरचा कर स्पष्ट लिहिला आहे, आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांना कर लावायचा अधिकार राज्य कायद्यानं देऊ शकतं. "रजिस्ट्रीच्या वेळी लाखभर स्टॅम्प ड्युटी भरली की" हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण ती ड्युटी सौद्यावर होती आणि राज्याच्या खजिन्यात गेली.

साठीपुढच्यांची माफी? निव्वळ वयाची माफी कायद्यात नाही. निराधार स्त्रिया, अंध व्यक्ती, निवृत्त सैनिक अशांसाठी अटींसह तरतुदी आहेत. त्यात आपण बसत असाल तर कागद घेऊन झोन ऑफिसात अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. आमच्याच ग्रुपवरच्या एका आजोबांनी अशाच ऐकीव माफीवर विसंबून मार्च कोरडा घालवला असता. शेजारणीनं वेळेवर सांगितलं म्हणून वाचले.

कचऱ्यातून कमाई हा आपला लाडका विषय, अभिमानाचाही. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत आपण पहिले, ते खरंच. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झाला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता, त्यावर बसेस धावतात. पण तो खाजगी भागीदारीत चालतो आणि त्यातून निगमला मिळणारी रक्कम वर्षाला अडीच कोटींच्या आसपास आहे. वीस-बावीस लाखांहून मोठ्या शहराच्या खर्चात हे म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. दुसऱ्या बाजूला पाणी बघा. आपल्या नळाला येणारी नर्मदा जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून, घाट चढवून आणावी लागते. त्या पंपांच्या विजेचा बोजा एवढा की तो कमी करायला निगमनं २०२३मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) विकून जलूदलाच सौर प्रकल्पाचा घाट घातला. आणि जकात तर इथे १९७६मध्येच गेली. महाराष्ट्रातल्या महापालिका त्यानंतर कितीतरी वर्षं नाक्यावर पैसे गोळा करत होत्या. आपलं निगम जकातीच्या बदल्यात येणाऱ्या सरकारी भरपाईची वाट पाहत बसतं. स्वतःच्या हातचं मोठं उत्पन्न म्हणून उरला तो हाच कर. तो पैसा नीट खर्च होतो का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न. दर पावसाळ्यात माझ्या घरासमोरचा तोच खड्डा मलाही विचारतो.

आता "लोकअदालतीत सगळं माफ". मेसेजातलं सर्वांत धोक्याचं वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे. नॅशनल लोकअदालतीत सूट मिळते ती अधिभारावर, म्हणजे थकबाकीवर चढणाऱ्या जादा आकारावर. संपत्ती कर आणि अधिभार मिळून बाकी ५०,००० पर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, ५०,००० ते १ लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे पाव. पाण्याच्या थकबाकीला वेगळे टप्पे. मूळ कराला कोणी हात लावत नाही. आणि मघाच्या हिशेबात २,००० चे ४,००० झाले, तो वाढीव आकडा अधिभार नव्हे, मूळ करच आहे. म्हणजे माफीच्या आशेनं थांबणारा पेन्शनर लोकअदालतीत जाईल, अधिभाराचे दोन-तीनशे वाचवेल, आणि दोन हजार जास्त भरून घरी येईल. रांगेत उभं राहायचं ते वेगळंच.

राहिली पावती. आपल्या मराठी घरांत हा गैरसमज फार खोल आहे, कारण जुनी घरं आजोबांच्या नावावर, वारस पुणे-मुंबईला, आणि इथे राहणारा एक भाऊ वर्षानुवर्षं कर भरतो. त्याला वाटतं घर आता आपलं. इथून गेलेल्या भावांना वाटतं हा पावत्या जमवून आपला हिस्सा खातोय. दोघंही चुकतायत. नामांतरणाच्या, म्हणजे सरकारी दप्तरात नाव बदलल्याच्या, नोंदीनं मालकी ठरत नाही, ती फक्त महसूल वसुलीसाठी असते, असं सुप्रीम कोर्टानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. २०२१मध्ये मध्य प्रदेशातल्याच जितेंद्र सिंह प्रकरणात पुन्हा सांगितलं. कराची पावती तर त्याहूनही एक पायरी खाली. राहणाऱ्या भावानं कर भरावा, पावत्या जपाव्यात, वाटणीच्या वेळी खर्चाचा हिशेब मागता येतो. पण मालकी हवी असेल तर वारसांनी बसून कागद करायला हवेत, आणि ते काम मुंजी-लग्नाला सगळे एकत्र येतात तेव्हाच उरकतं.

हे सगळं ग्रुपवर लिहायला मी फोन काढला, तेवढ्यात मावशीनंच मेसेजखाली उत्तर टाकलेलं दिसलं. "माझा फोटो काढून टाका. माझं बिल माझ्या चुकीनं वाढलं, मी वेळेवर भरलं नाही. मुंज मात्र छान झाली."