२५५ चं हेक्स १६५ नव्हे!

"ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये हा प्रोग्रॅम टाका. कुठलीही संख्या, कुठलाही बेस, उत्तर शंभर टक्के बरोबर. हातानं भागाकार करायची गरजच नाही." नेहमीची संख्या बायनरी (बेस २: फक्त ० आणि १ हे अंक) किंवा हेक्स (बेस १६: सोळा अंक) अशा दुसऱ्या बेसमध्ये बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमचा हा मेसेज कोल्हापुरात डिप्लोमाच्या मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. राजारामपुरीतल्या माझ्या भाचीनं त्याच्या भरवशावर परीक्षेची तयारी चालवली होती, म्हणून हे लिहितोय.

प्रोग्रॅम करतो काय? संख्या शून्यापेक्षा मोठी आहे तोवर तिला बेसनं भागतो आणि बाक्या एकं, दहं, शतं अशा जागी मांडून बेरीज करतो. बेस दहापर्यंत असेल तोवर हे चालतं. हेक्समध्ये मात्र बाकी १० ते १५ येऊ शकते आणि ती एका घरात मावत नाही, म्हणून तिथं १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं लिहितात. २५५ घाला. १६ नं भागल्यावर बाकी १५, पुढच्या वेळी परत १५. प्रोग्रॅम १५ मध्ये १५० मिळवतो आणि बेधडक १६५ दाखवतो. बरोबर उत्तर एफएफ आहे. १६५ हेच हेक्स समजून वाचलं तर दशमानात ३५७ होतात! एरर नाही, इशारा नाही. मायक्रोप्रोसेसर शिकणाऱ्या पोरानं हा आकडा मेमरीचा पत्ता म्हणून लिहिला तर पुढचं सगळं गणित कोसळतं, आणि चूक कुठं झाली ते त्याला कळतही नाही. असला प्रोग्रॅम मुलांच्या हातात देणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

"आत सगळं बायनरीच असतं, त्यामुळं चूक होत नाही," असंही पुढं लिहिलंय. पण टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर संख्या दशमान अंकांतच ठेवतो, एकेक अंक चार बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर). त्याचं मॅन्युअल उघडा: साठवणीत जास्तीत जास्त १४ अंक, पडद्यावर १०. म्हणून बायनरीत १०२३ चे दहा एक्के नीट दिसतात आणि १०२४ पासून उत्तर घातांकात जातं. १६३८५ ला पंधरा अंक लागतात, तिथं शेवटचा १ गळून पडतो आणि हाती १६३८४ चं उत्तर येतं.

उणे ५ घातले तर शून्य येतं. संगणकाच्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीनं (उणे संख्या बिटांत लिहायची रीत) आठ बिटांत ते १११११०११ हवं. ०.६२५ घातले तर तेच परत मिळतं, बायनरीत हवं .१०१. कुठलीही संख्या म्हणे!

१०२३ पर्यंतचं बायनरी ताडून बघायला हा प्रोग्रॅम चालेल, एवढं मान्य. पण कॅसिओच्या एफएक्स-सीजी५० मध्ये बायनरी, ऑक्टल (बेस ८), हेक्स सेटअपमध्येच मिळतं, तिथं याची गरज नाही. आणि गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. म्हणजे भागाकार हाताला यायलाच हवा.

प्रोग्रॅम लिहायचाच असेल तर बेरीज सोडा. शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशी सोळा चिन्हांची स्ट्रिंग (सलग ओळ) ठेवा, बाकीत एक मिळवून त्या क्रमांकाचं चिन्ह उचला आणि आधीच्या उत्तराच्या डावीकडे जोडा.