मानेत पडदा लागलाच नाही तर?
श्वास अडकलेल्या रुग्णाला तोंडातून नळी घालता आली नाही, तर मानेत छेद देऊन श्वासनळीत ट्यूब घालतात. त्यावरच्या लेखात ‘क्रिकोथायरॉइड पडदा (कंठमण्याखालचा, श्वासमार्गावरचा पातळ पडदा) बोटाला लागला की आडवा छेद द्या’ एवढं सांगून लेखक मोकळा झालाय. पण जाड किंवा सुजलेल्या मानेत तो लागतच नाही, आणि पॅरामेडिकवर ही वेळ बहुधा अशाच मानेत येते. तिथे आधी मध्यरेषेत त्वचेला ८ ते १० सेंटिमीटरचा उभा छेद, मग बोटांनी ऊती बाजूला सारून पडदा शोधायचा, आडवा छेद त्यानंतर. रक्त येणारच, डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवावा.

आणि बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) आत जाईपर्यंत छेदातलं पातं काढू नका हो! छेद मिटतो, बूजी त्वचेखाली भलतीकडेच सरकते. मग बूजीवरून ६ नंबरची ट्यूब, तिचा कफ (टोकाजवळचा हवेचा फुगा) दिसेनासा होईपर्यंतच ढकलायची, नाहीतर हवा एकाच फुफ्फुसात जाते. ट्यूब श्वासनळीतच असल्याची खात्री कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) करायची, नुसत्या स्टेथोस्कोपवर नाही.