सीटी स्कॅनच्या डायबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे, कृपया वाचा

"मासे, कोळंबीची ॲलर्जी असेल तर सीटीचं डाय घेऊ नका, त्यात आयोडीन असतं. डाय किडनी निकामी करतं. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध फेकून द्यावं. प्लेन सीटीत सगळं दिसतं, डाय फक्त बिल वाढवायला." हा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर आहे आणि तो वाचून लोक ऐनवेळी स्कॅनला नाही म्हणतात, म्हणून लिहितोय. डाय म्हणजे स्कॅनमध्ये नसा, अवयव नीट दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते आयोडीन असलेलं औषध.

आधी कोळंबीचं, कारण कोकणात, गोव्यात हीच भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. कोळंबी, खेकडे खाऊन अंगावर पित्त उठतं ते मुख्यतः त्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनमुळे, माशांच्या बाबतीत बहुतेकदा पार्व्हाल्ब्युमिन, आयोडीनचा त्यात संबंधच नाही. आयोडीन आपण रोज मिठातून खातो, शरीराला ते लागतंच, थायरॉइड त्यावरच चालते. मग ही समजूत आली कुठून तर १९७५ च्या एका जुन्या सर्व्हेतून, डायची रिॲक्शन आलेल्या काही लोकांनी सीफूडची ॲलर्जी सांगितली होती, पण दूध-अंड्यासारख्या इतर खाण्याची ॲलर्जी सांगणारेही जवळपास तितकेच होते, ते मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही. हां, कुठलीही ॲलर्जी किंवा दमा असेल तर धोका जरासा वाढतो, ते सांगायचंच, पण फक्त कोळंबीमुळे डाय नाकारायचं काही कारण नाही.

रिॲक्शन येतच नाही असं मी म्हणत नाहीये. १९९० मध्ये जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांवर केसेस तपासल्या, जुन्या आयॉनिक डायने गंभीर रिॲक्शन दहा हजारांत २२ जणांना आली, नव्या नॉन-आयॉनिकने ४ जणांना, आणि आता शिरेतून देतात ते हेच नवं. इंजेक्शन जाताना अंग गरम होणं, तोंडाला धातूसारखी चव येणं, लघवी झाल्यासारखं वाटणं, ही ॲलर्जी नाही, मिनिटभरात जातं.

किडनीची भीती पूर्ण खोटी नाही पण फार फुगवलेली आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी एकत्र बसून हेच सांगितलं, खरी काळजी ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली असेल किंवा किडनीला अचानक मार बसलेला असेल तेव्हा, आणि तिथे सलाईन देतात. डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीचंही तसंच, किडनी चांगली असेल तर बंद करायची गरज सहसा पडत नाही, पण निर्णय डॉक्टरांचा, स्वतःहून गोळी बंद करू नका.

दूध फेकायची गरज नाही, डायचा एक टक्क्याहून कमी भाग दुधात उतरतो आणि त्यातलाही एक टक्क्याहून कमी बाळाच्या रक्तात जातो.

आणि बिलाचं म्हणाल तर मुतखडा किंवा डोक्याला मार लागल्यावर आतला रक्तस्राव बघायला डॉक्टर स्वतःच प्लेन सीटी सांगतात. पण फुफ्फुसाच्या नसेतली रक्ताची गाठ किंवा लिव्हरमधली छोटी गाठ प्लेनमध्ये सुटू शकते, आणि फुफ्फुसातली ती रक्ताची गाठ सुटली तर माणूस जातो हो.

सांगायचं असेल तर हे सांगा: आधी डायने त्रास झालाय का, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती, थायरॉइड वाढलेली आहे का. त्रास झाला असेल तर जुना रिपोर्ट सोबत न्या, कुठलं डाय होतं ते कळलं की बऱ्याचदा दुसरं वापरून स्कॅन करता येतो.