जिवंत आहे का रे ती?

यंदाच्या थंडीने आमची जास्वंद मारली असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो, पण खरं तर थंडीने फक्त सुरुवात केली, पुढचं काम आम्ही घरच्यांनीच मनावर घेतलं.

झालं असं की त्या रात्री आभाळ एकदम स्वच्छ होतं, वारा अजिबात नाही, आणि मी शहाणा बाहेर उभा राहून "काय मस्त चांदणं पडलंय" म्हणत होतो. अशीच रात्र झाडांना सगळ्यात वाईट हे मला नंतर कळलं. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि वारा नसला की गार हवा खाली साचून बसते. सकाळी पानांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं म्हणून बोट लावलं तर बर्फ. पानातलं पाणी गोठतं, पेशी आतून फाटतात, आणि ऊन पडलं की सगळा डोलारा खाली बसतो. दुपारपर्यंत पानं भिजलेल्या कागदासारखी लोंबायला लागली आणि दोन दिवसांनी काळी ठिक्कर. 10 अंशांच्या खाली गेलं तरी हातपाय गाळणारं झाड हे, ते शून्यावर काय टिकणार!

वर माझी दोन पापं. एक म्हणजे थंडीच्या तोंडावर मी तिला भरघोस युरिया घातला होता, त्यामुळे छान लुसलुशीत कोवळी फूट आली होती आणि तीच आधी गेली. दुसरं म्हणजे दुसऱ्या रात्री मी धावत जाऊन तिला प्लास्टिकचा कागद गुंडाळला, घट्ट, जिथे कागद पानाला टेकला तिथलं पान करपलं. जुनी चादर जमिनीपर्यंत सोडायची आणि सकाळी काढायची, एवढं साधं काम होतं. पण चादर आणायला गेलो तेव्हा बायको म्हणाली "ती चांगली आहे, ठेव," आणि मी ठेवली. (हे मी अजून तिला ऐकवतो.)

आता मेलेलं झाड आणि झोपलेलं झाड दिसायला अगदी सारखं असतं. ओळखायची पद्धत म्हणजे फांदीची साल नखाने थोडी खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर गेली. मी खरवडलं, हिरवं! आनंदाने घरात येऊन सांगितलं, आणि तिथेच चुकलो. आई बाहेर गेली आणि स्वतःची खात्री करून आली. मग बायको. मग मुलगी, तिने तर कंपासच्या टोकाने बघितलं. संध्याकाळी शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "जिवंत आहे का रे ती? बघू!" आणि त्यांचं नख म्हणजे पटाशी. आठवडाभरात फांद्यांवर इतक्या खाचा पडल्या की कुणीतरी तुरुंगात दिवस मोजतंय असं वाटावं. थंडीने न मारलेली एक चांगली फांदी निव्वळ आमच्या काळजीने गेली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यात काहीच करायचं नसतं हा सगळ्यात मोठा छळ. काळ्या काड्या बघून हात शिवशिवतात, पण थंडी पूर्ण सरेपर्यंत छाटायचं नाही, कारण त्या मेलेल्या काड्याच खालच्या जिवंत भागाला थोडा आडोसा देतात, आणि लवकर छाटलं तर नवी फूट येऊन पुढच्या थंडीत तीही जाते. बायकोने छाटणीची कात्री लपवून ठेवली. खत नाही, कारण आजारी माणसाला पंगतीला बसवत नाहीत. पाणी बेताचं, पानंच नाहीत तर पिणार कोण, मुळं कुजायची. हे आईला पटवणं अशक्य. "तहानली असेल रे बिचारी," म्हणत ती रोज तांब्याभर ओतायची, मग मी कुंडी उचलून भिंतीच्या उबेला नेऊन ठेवली तर ती तिथे तांब्या घेऊन गेली.

शेवटी एकदाची थंडी गेली, कात्री परत मिळाली. वरून इंच इंच कापत आलो. आत तपकिरी, अजून खाली, तपकिरी, अजून खाली, तपकिरी, आता मला घाम फुटलेला, मग एकदम ओलसर हिरवट पांढरं दिसलं. तिथे डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या जागेच्या, जरा वर तिरका काप दिला. खांद्याएवढ्या झाडाचे गुडघ्याएवढे तीन खुंट उरले. एक बरं, जास्वंदीला नव्या फुटीवरच फुलं येतात, त्यामुळे छाटल्याने फुलं जात नाहीत. हे मी खुंटांकडे बघत स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

पहिला कोंब पार बुडातून, मातीला लागून आला. काका लगेच, "अरे हे रान फुटलंय, कलमाच्या खालचं, काढून टाक." मी म्हटलं काका आपली फांदी लावून केलेली आहे, कलम नाही, खालूनही तीच येणार. ते नाराज झाले, त्यांना काहीतरी उपटायचं होतं. मग पालवी आली, पालवीमागोमाग मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला, माव्यामागे मुंग्या, म्हणजे पाहुणे वेळेवर. रोज सकाळी पाण्याचा फवारा मारून त्यांना घालवायचं काम माझं.

आणि मग कळी. मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून होतो, रोज ऑफिसला जायच्या आधी बघायचो, आज नाही, आज नाही. ज्या दिवशी सकाळी लवकरची मीटिंग होती, अंधारातच निघालो, नेमकी त्या दिवशी उमलली. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं. रात्री घरी आलो तर ते छत्रीसारखं मिटून लोंबत होतं. सगळ्यांनी फोटो काढले होते, काकांच्या फोटोत तर फुलाशेजारी ते स्वतः उभे होते, हात फांदीवर.

दुसरी कळी उद्यापरवा उमलेल असं दिसतंय. मी दोन दिवस रजा टाकलीये.