उघडताच येणार नाही असे टोपण बसवणाऱ्यांवरचा संताप

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या हिवाळ्यात घरातला पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडी भुशाचे दाणे (पेलेट) जाळून घर गरम ठेवणारी शेगडी, ही चैन नसून गरज आहे, आणि म्हणूनच तो विकणाऱ्यांच्या व बसवणाऱ्यांच्या बेफिकिरीची मला मनस्वी चीड येते. दाण्यांची पिशवी ओता आणि बटण दाबा, एवढेच ते सांगतात. स्टोव्हचा धूर ज्या नळीतून बाहेर जातो, ती पुढची कित्येक वर्षे कोणी आणि कुठून साफ करायची, याबद्दल विक्रीच्या वेळी कोणी चकार शब्द काढत नाही.

ही नळी जेमतेम ३ किंवा ४ इंच व्यासाची असते आणि तिच्यातून धूर बाहेर ढकलण्याचे काम विजेवर चालणारा पंखा करतो. दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुशाचे हे दाणे जळले की पिठासारखी बारीक राख होते. तिच्यातली बरीचशी खालच्या ट्रेमध्ये पडत असली, तरी उरलेली धुराबरोबर उडते आणि नळी जिथे वळते किंवा आडवी जाते, नेमकी तिथे साचत राहते. चांगल्या प्रतीच्या दाण्यांत राख १ टक्क्याहून कमी असते हे खरे. पण ४० पौंडांच्या ५० पिशव्या, म्हणजे इथला एक टन, जाळल्यावर तीही काही किलो भरते.

हे ठाऊक असूनही आमच्या कंत्राटदाराने भिंतीतून सरळ बाहेर काढता आली असती ती नळी दोन एल्बो (कोपरासारखे वळणाचे जोड) घालून वळवली. ९० अंशांचा एक एल्बो म्हणजे ५ फूट नळीइतका अडथळा, हा हिशेब या धंद्यातल्या माणसाला पाठ असायला हवा. राख काढण्यासाठी नळीच्या टी-जोडाच्या (इंग्रजी T च्या आकाराच्या जोडाच्या) तळाशी टोपण असते. ते त्याने भिंतीच्या इतके जवळ आणले आहे की फिरवायला हात शिरत नाही, आणि कहर म्हणजे त्या टोपणालाही उष्णता सोसणारे सिलिकॉन फासून ठेवले आहे. नळीत पंख्याचा दाब असल्यामुळे तिचे सांधे हवाबंद हवेत, हे मला मान्य आहे. पण मुळात उघडण्यासाठीच केलेले टोपण चिकटवून टाकणे याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचे? त्यापायी दर वेळी स्टोव्ह पूर्ण थंड करून, तो अवजड सांगाडा पुढे ओढून, पात्याने सिलिकॉन खरवडावे लागते. टोपण सुटताच करडी राख भसकन अंगावर येते, आणि मग ब्रश फिरवून सगळे पुन्हा सील करत बसायचे. बाहेरून लीफ ब्लोअरचे (पाने उडवायच्या यंत्राचे) हवा शोषणारे तोंड लावून राख ओढून घ्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुट्या राखेसाठी तो उपाय चांगला आहे, पण एल्बोमध्ये घट्ट बसलेला थर त्याने हलत नाही.

नळी तुंबली की ज्वाला मंद आणि नारिंगी होते, काच काळी पडते आणि शेवटी दाबावर चालणारा स्विच स्टोव्ह बंद करतो. बाहेर उणे १५ अंश असताना घरात लहान मूल असेल, तर ही साधी गैरसोय राहत नाही. त्याहून भयंकर म्हणजे सांध्यातून घरात शिरणारा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. महाराष्ट्रात गॅस गिझरमुळे बंद न्हाणीघरात माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे जीव घेणारा वायू हाच असतो.

इथल्या एनएफपीए २११ या अग्निसुरक्षेच्या मानकानुसार धुराडी वर्षातून किमान एकदा तपासायला हवीत. प्रत्यक्षात सर्व्हिसिंगला येणारा माणूस आतली राख ओढतो, काच पुसतो, बिल हातात ठेवतो आणि नळी आमच्या कामात मोडत नाही म्हणून निघून जातो. मग तिची जबाबदारी नक्की कोणाची? कंत्राटदाराकडे लेखी तक्रार केली, तर त्याने नळी नव्याने बसवण्याचे दरपत्रक पाठवून दिले. स्वतः बिघडवलेले काम दुरुस्त करण्याचे पैसे त्याने आमच्याकडून मागावेत, हे मी कदापि मान्य करणार नाही आणि त्यातला एक डॉलरही देणार नाही.