भाऊजींना संध्याकाळची शिफ्ट हवी आहे

डायलिसिसवरचा माणूस भेटला की सगळे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा, विचारतात. नोकरी टिकली का, हे कुणी विचारत नाही.

माझे दीर कळव्याला राहतात, रबाळे एमआयडीसीत कामाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मशीनवर चार तास. पण त्याआधी नंबर लागेपर्यंत ताटकळणं, वजन, बीपी, मग सुया. नंतर रक्त थांबेपर्यंत फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला हातावर ऑपरेशनने तयार केलेली शीर, दाबून बसायचं, बीपी उतरलं असेल तर पुन्हा आडवं व्हायचं, मग रिक्षा. त्यांना वेळ मिळालीय दुपारी बाराची. म्हणजे सकाळी कामावर जाऊन फायदा नाही आणि संध्याकाळी अंगात त्राण नाही. आठवड्याचे तीन दिवस असेच जातात. कायम नोकरी गेली, आता कंत्राटदाराकडे रोजावर आहेत. खाडा झाला की पैसे नाहीत.

महात्मा जोतिराव फुले योजनेत डायलिसिस होतं, त्याबद्दल तक्रार नाही. ती नसती तर आम्ही केव्हाच बुडालो असतो. पण रिक्षा, सोबत जाणाऱ्याचा खाडा, रक्तवाढीचं इंजेक्शन कधी बाहेरून आणावं लागलं तर ते, हे सगळं घरातूनच जातं. म्हणून तीनऐवजी दोनदाच येणारेही तिथे दिसतात. मग अंगात पाणी साठतं, रात्री आडवं झालं की दम लागतो. तीनदा करणाऱ्यांनासुद्धा शनिवार-रविवारचा खंड जड जातोच.

त्यात नातेवाईक! बघायला येताना शहाळं. अहो, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते रक्तात वाढलं तर त्या माणसाचं हृदय बंद पडू शकतं. पाणी मोजून पिणाऱ्याला हळदीत 'एक ग्लास सरबताने काय होतंय' म्हणून आग्रह करणारे तर आमच्याकडे पायलीला पन्नास. भाऊजी हल्ली लग्नांना जातच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. एमआयडीसीतले कारखाने तीन पाळ्यांत चालतात. मग त्या पट्ट्यातल्या डायलिसिस सेंटरना निदान संध्याकाळी सातची पाळी का जमू नये? टेक्निशियन, नर्स, डॉक्टर लागतात, खर्च वाढतो, मान्य. पण योजनेत सरकार दर डायलिसिसमागे पैसे देतंच, तर उशिराच्या पाळीला थोडा जास्त दर द्या. काही देशांत लोक रात्री झोपेत सहा-आठ तास डायलिसिस घेतात. पाणी हळूहळू निघतं, त्यामुळे पायात गोळे येणंही कमी होतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. निकामी किडनी नाही. त्यामुळे मालकाकडे सवलत मागायला हातात कागदही नाही.

आणि पोटातून घरी करायचं डायलिसिस, सीएपीडी, याबद्दल आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. दिवसातून साधारण चार वेळा पिशवी बदलायची. जागा स्वच्छ लागते, जंतुसंसर्गाची भीती असते, कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये ते सोपं नाही. तरी ठरवायचं भाऊजींनी ना? 2019 पासून हे पोटातून करायचं डायलिसिस राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातही आहे. मग पहिल्याच दिवशी दोन्ही पर्याय समोर ठेवायला काय हरकत होती?

ऐरोली, रबाळे, कळवा, विटावा भागात संध्याकाळी सहानंतर रुग्ण घेणारं, योजनेतलं सेंटर कुणाला माहीत असेल तर मला मेसेज करा. रात्री उशीर झाला तरी चालेल, भाऊजींना आणायला आम्ही येऊ.