शिस्त शिस्त काय करताय, आधी गाडी द्या

मावसभावाने फॅमिली ग्रुपवर परत तोच व्हिडिओ टाकलाय. टोकियोचा कुठलासा प्लॅटफॉर्म, माणसं दोन-दोनच्या रांगेत उभी, गाडी येते, आतले उतरतात, मग बाहेरचे चढतात, कोणाचा धक्का नाही की आवाज नाही. खाली लिहिलंय, "आपल्याकडे दारं लावून काय उपयोग, लोकांना शिस्तच नाही. ताई, तू सांग गं यांना." ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, चार जण त्याच दिवशी गेले, तेव्हापासून लोकलला बंद होणारी दारं बसवायची की नाही हा वाद आमच्या घरात चालूच आहे आणि दर वेळी तो फिरून फिरून शिस्तीवर येतो. मग साक्षीला मी.

हा मुलगा पुण्यात राहतो, ऑफिसला स्वतःच्या गाडीने जातो, आयुष्यात दहा वेळा लोकलमध्ये बसला असेल आणि तेही दुपारी. मी डोंबिवली ते सीएसटी पाच वर्षं रोज केलंय आणि आता सोळा वर्षं टोकियोत निशी-कासाई ते ओतेमाची करतेय. या विषयावर बोलायचा अधिकार घरात कोणाला असेल तर मला आहे, आणि मला ही साक्ष द्यायची नाहीये.

मी जाते ती तोझाई लाईन टोकियोतल्या सगळ्यात भरलेल्या लाईनींपैकी एक. किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ मध्ये गर्दी १९९ टक्के होती. इथे गर्दी टक्क्यात मोजतात, २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागतं पण हातातलं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं, २५० म्हणजे हातसुद्धा हलवता येत नाही. आपल्याकडे ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात असं रेल्वेच सांगते. तिथे साप्ताहिक कुठे धरणार, एकदा हात खाली राहिला की उतरेपर्यंत वर येत नाही.

आणि जपानी माणूस काय आईच्या पोटातून रांग शिकून येतो का? १९७५ मध्ये टोकियोच्या मुख्य लाईनींवरची सरासरी गर्दी २२१ टक्के होती. लोकांना डब्यात दाबून भरायला प्लॅटफॉर्मवर माणसं नेमलेली असायची. तीच सरासरी २०१९ पर्यंत १६३ वर आली, ती काय नागरिकशास्त्राचे तास घेऊन आली? साठच्या दशकात त्यांनी शहरातून बाहेर जाणाऱ्या पाच दिशांच्या लाईनी धरल्या आणि दोन ट्रॅकचे चार करत गेले. आमची तोझाई लाईनच मुळात शेजारच्या सोबू लाईनवरचा भार कमी करायला बांधली, १९६९ मध्ये पूर्ण झाली, तीही भरली, चढउतारात वेळ जायला लागला तर १.८ मीटर रुंद दारांचे डबे आणले, आणि आता मिनामी-सुनामाचीला जास्तीचा ट्रॅक टाकायचं काम चाललंय. ऐन सकाळी साधारण सव्वादोन मिनिटांना एक गाडी आहे. ही सुटली तर लगेच पुढची येतेय, मग मी कशाला धावू आणि कशाला कोणाला ढकलू? रांगेत उभं राहायला काही मोठं चारित्र्य लागत नाही हो, आपल्याला जागा मिळणार एवढी खात्री लागते.

आता आपलं बघा. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन, नऊ-साडेनऊ किलोमीटरची. २००८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा मी डोंबिवलीत होते, रोज त्याच रुळांवरून जात होते. त्यानंतर मी जपानला आले, भाषा शिकले, मुलगी झाली, ती चौथीत गेली, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ती लाईन सुरू झाली. मुंब्रा याच टप्प्यात येतं. हे सगळं बाजूला ठेवून जो माणूस सकाळी ऑफिस गाठायला दाराच्या दांडीला लटकला त्याची शिस्त काढायची, याची मला चीड येते. काही पोरं हौसेने लटकतात, मान्य. पण टिफिनची बॅग छातीशी धरून पन्नाशीचा माणूस हौसेने लटकत नाही.

दारं नकोत असं मी म्हणतच नाहीये. बसवा, साध्या गाड्यांनाही बसवा. पण दार बंद झालं की बाहेर लटकणारी दहा-बारा माणसं प्रत्येक दाराला प्लॅटफॉर्मवर राहणार, त्यांना न्यायला मागून गाडी लागणार, ती कुठाय ते आधी सांगा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला एसी लोकलवरून आंदोलन झालं तेव्हाही हा मावसभाऊच म्हणाला होता, यांना चांगलं काही नकोच असतं. अरे, नेहमीची साधी गाडी काढून तिच्या जागी एसी आणली होती, तिचा पास ज्याला परवडत नाही त्याने घरी कसं जायचं? इथे माझा पास कंपनी भरते, सोळा वर्षांत सहा महिन्यांचा तेइकी, म्हणजे पास, मी एकदाही स्वतःच्या पैशाने काढलेला नाही, माझ्या ऑफिसात कोणीच काढत नाही. हे त्या व्हिडिओत नसतं.

तसंच इथे महिला डबा कशाला ठेवलाय तेही नसतं. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी माझ्या बाबतीत झालं ते, गर्दीत हात लागला, मुद्दाम, परत परत, मी मोठ्याने ओरडले तर डब्यातल्या एकाही माणसाने मान वर केली नाही. ठाण्याच्या ब्रिजवर आमच्या लोकलच्या ग्रुपमधल्या एकीला असाच धक्का बसला होता तर चौघी-पाचजणींनी त्या माणसाला कॉलर धरून पोलिसांपर्यंत नेलं होतं, आणि नंतर सगळ्यांचाच लेटमार्क लागला. हीसुद्धा शिस्तच आहे ना? की ती मोजायचीच नाही?

पण मला अजून एक सांगायचंय, आणि ते ग्रुपवर लिहायचं धाडस अजून झालेलं नाही. "जपानी लोकांची शिस्त" हे आमच्या घरात मीच आणलंय.

११ मार्च २०११. भूकंपानंतर टोकियोतल्या सगळ्या गाड्या थांबल्या, त्या दिवशी टोकियो आणि आसपास मिळून पन्नास लाखांच्या वर माणसं घरी जाऊ शकली नाहीत. मी ओतेमाचीहून निशी-कासाईला चालत निघाले, साधारण दहा किलोमीटर, दिवस गेलेले होते. फुटपाथ माणसांनी भरलेला, सगळे एकाच दिशेने, एकाच वेगात, बोलत कोणीच नाही, सिग्नल लाल झाला की सगळे थांबायचे. दुकानांनी टॉयलेट उघडून दिली होती, कोणी पाणी देत होतं. आराकावा नदीच्या पुलावर वारा लागला तेव्हा फार भीती वाटली, पण पोचले, सुखरूप पोचले. घरी फोन लागेना म्हणून रात्री लांबलचक मेल लिहिली, त्यात मी लिहिलं होतं की आपल्याकडे असं झालं असतं तर चेंगराचेंगरी झाली असती, या लोकांकडून शिस्त शिकायला हवी. ती मेल बाबांनी प्रिंट काढून सगळ्या नातेवाइकांना वाचायला दिली. मावसभाऊ तेव्हा कॉलेजात होता. आज तो मला माझंच वाक्य ऐकवतोय.

आणि ते वाक्य खोटं होतं, कारण आपल्याकडे तसं झालेलं मी पाहिलेलं होतं. २६ जुलै २००५ ला आमची गाडी सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये बंद पडली. काही तासांनी पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही रुळांवर उतरलो, ग्रुपमधल्या बायकांनी ओढण्या एकमेकींच्या मनगटाला बांधल्या, पुढे कोण कुठली पोरं काठीने खड्डे चाचपत चालत होती आणि मागे वळून "या, इथे पाय टाका" सांगत होती. कुर्ल्यात एका चाळीत एका घराने आम्हाला सातजणींना ठेवून घेतलं. त्या घरात आधीच नऊ माणसं. खिचडी केली होती, त्या बाई म्हणाल्या, लाजू नका, पोटभर खा. कोणी चेंगरलं नाही आम्हाला. मग सहाच वर्षांनी मी तसं का लिहिलं? इथे येऊन दोन वर्षं झाली नव्हती, आपण जिथे आलोय ते बरोबर आहे, आईबाबांना सोडून आलो ते चुकलं नाही, असं मला कोणीतरी सांगायला हवं होतं. ते मीच स्वतःला सांगून घेतलं, आणि त्यासाठी डोंबिवलीच्या माणसांना खाली दाखवलं. याचं मला वाईट वाटतं.

इथली गाडी मला आवडते, हेही खरं आहे. वेळेवर जाते, वेळेवर आणते, मुलगी सहा वर्षांची असल्यापासून एकटी शाळेत जाते आणि मला घोर नसतो. पण सोळा वर्षं त्याच वेळेला त्याच दारातून चढणाऱ्या तिघीचौघी आहेत, चेहऱ्याने आम्ही एकमेकींना पक्क्या ओळखतो, आणि एकदाही बोललेलो नाही. रात्री परतताना गाडी थोडी रिकामी असते, मी बसते, आणि पुष्कळदा माझ्या शेजारची जागा तशीच राहते. समोर माणसं उभी असतात, दमलेली असतात, तरी कोणी तिथे बसत नाही. इथल्या परदेशी लोकांना विचारा, सगळ्यांना माहितीये. पहिली काही वर्षं मी बॅग मांडीवर घेऊन आणखी कडेला सरकायची, म्हणजे कोणीतरी बसेल.

डोंबिवलीच्या गाडीत "कुठे उतरणार?" हा पहिला प्रश्न असायचा. घाटकोपर सांगितलं की ती सीट लगेच बोलली जायची, त्यावरून भांडणं व्हायची, रडारड व्हायची, आणि त्याच डब्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी हार-तोरणं लावून पूजा पण व्हायची. माझ्या केळवणाचं जेवण त्या डब्यात झालंय, सकाळच्या फास्टमध्ये, उभ्याने.

गेल्या डिसेंबरला घरी गेले तेव्हा मुद्दाम फास्ट पकडली, अकरा वाजून गेल्यावरची. दिवा गेलं आणि मी पारसिकच्या बोगद्याची वाट बघत उभी राहिले, तो अंधार आणि तो वारा यायची. तो आलाच नाही. नवीन लाईन झाल्यापासून फास्ट लोकल मुंब्र्यावरून जातात, बोगदा आता मेल-एक्स्प्रेसला दिलाय, हे मी वाचलेलं होतं, तरी मी वाट बघत होते. वळणावर गाडी कलली आणि माझा हात दांडीवरून सुटला तशी बसलेल्या एका बाईने मनगट धरलं. "दारात नका उभ्या राहू. लाईनला नवीन आहात का?"

मी हो म्हणाले. तिने बाजूच्या दोघींना सरकायला सांगितलं, त्या कुरकुरत सरकल्या, आणि मला चौथी सीट मिळाली.